उरलेलं कूपन: थीम पार्कची जुनी तिकिटं, पत्रकं आणि स्मरणिका जमवायच्या कशा

आत्या बरीच वर्षं कॅलिफोर्नियात राहून ठाण्याला कायमची परत आली, तेव्हा तिच्या सामानात एक खाकी पाकीट होतं. आत डिस्नेलँडच्या तिकीट-पुस्तिकेचं आवरण, त्याला पिनेने अडकून राहिलेली चार कूपनं आणि घडी घालून घालून कापडासारखं मऊ झालेलं एक माहितीपत्रक. कूपनांपैकी दोन ‘ए’, एक ‘बी’, एक ‘सी’. ‘ई’ एकही नाही. मी विचारलं, “आत्या, ‘ई’ कुठे गेली?” ती म्हणाली, “अरे, ती कशी उरतील? सगळे आधी त्यांच्याच रांगेत.”

हा छंद मला तिथून लागला, आणि त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्टही तिच्या त्या उत्तरातच आहे. डिस्नेलँडचं वापरलेलं कूपन राइडच्या दारावर काढून घेतलं जायचं. म्हणजे आज जे आपल्या हाताला लागतं ते त्या दिवशी वापरलं न गेलेलं. डिस्नेलँडच्या मेन स्ट्रीटवरची गाडी, घोड्यांचा गोल पाळणा अशा साध्या गोष्टींची ‘ए’ आणि ‘बी’ कूपनं अमेरिकेतल्या घराघरांतल्या ड्रॉवरमध्ये पडून राहिली. आपल्याकडे उलटं. आपल्याकडे दारावरचा माणूस तिकीट अर्धं फाडतो आणि अर्धं परत देतो, म्हणून आपल्या पुस्तकांत, पाकिटांत सापडतं ते वापरलेलं, फाटलेलं अर्धुक. कागद हातात घेतला की आधी स्वतःला विचारायचं, हा का उरला? बाकी सगळं त्यानंतर.

आधी पद्धत समजून घ्या, मग पैसे काढा

मी इथे मुख्यतः डिस्नेलँडच्या कागदांबद्दल लिहितो आहे, कारण जगात सर्वात जास्त जमवले जातात ते हेच, आणि त्यांच्यावर शिकलेला डोळा पुढे कुठेही उपयोगी पडतो.

कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइम इथलं डिस्नेलँड १७ जुलै १९५५ला निमंत्रितांसाठी उघडलं आणि दुसऱ्या दिवशी सर्वांसाठी. सुरुवातीला प्रवेश मोठ्यांना १ डॉलर, मुलांना ५० सेंट. आत गेल्यावर प्रत्येक राइडचं तिकीट वेगळं. लोकांना सारखे पैसे काढावे लागत, म्हणून त्याच वर्षी ऑक्टोबरात ए, बी, सी अशा तीन श्रेणींच्या कूपनांची पुस्तिका आली, ‘ए’ सर्वात साध्या राइडसाठी. १९५६ला ‘डी’ वाढलं. १९५९च्या जूनमध्ये मॅटरहॉर्नची बर्फाची घसरगाडी, पाणबुडी आणि मोनोरेल एकदम सुरू झाल्या आणि त्यांच्यासाठी ‘ई’ हे सर्वात वरचं कूपन आलं. फ्लोरिडातलं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ला उघडलं तेही याच पद्धतीने. १९८२ साली दोन्हीकडे एकच दिवसभराचं तिकीट आलं आणि कूपनं संपली.

‘ई-तिकीट’ हा शब्द मात्र अमेरिकन बोलीत राहिला. जून १९८३मध्ये अंतराळात गेलेल्या सॅली राइड यांनी यानाच्या उड्डाणाचं वर्णन करताना डिस्नेलँडच्या ‘ई’ तिकिटाचीच उपमा दिली होती. कूपनं बंद होऊन तेव्हा वर्ष झालं होतं.

एवढं माहीत असलं की विक्रेत्याचा अर्धा दावा तिथल्या तिथे तपासता येतो. ‘१९५५ची पुस्तिका’ म्हणून दाखवलेल्या वस्तूत ‘डी’ कूपन असेल तर ती १९५५ची नाही. ‘ई’ असेल तर जून १९५९च्या आधीची नाही. यासाठी तज्ज्ञ लागत नाही.

काय जमवायचं ते आधीच ठरवा

सगळंच घ्यायला गेलात तर वर्षभरात घरात रद्दी होईल. एक बाग (म्हणजे पार्क), एक दशक किंवा एक प्रकार निवडा. माझं क्षेत्र १९६६ ते १९८२ मधलं डिस्नेलँड आणि मुंबई-पुण्याच्या बागा, एवढंच. त्याबाहेरचं कितीही सुंदर असलं तरी मी दुसऱ्याला कळवतो, स्वतः घेत नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने सुट्या ‘ए’, ‘बी’ कूपनांपासून करावी. ती मुबलक आहेत, स्वस्त पडतात आणि त्यांवर कागद, शाई, छपाई ओळखायला शिकता येतं. मग अर्धवट वापरलेली पुस्तिका. माझ्या मते सगळ्या प्रकारांत हीच सर्वात बोलकी. पूर्ण भरलेली, न वापरलेली पुस्तिका बाजारात महाग असते, पण ती कुणाच्याच दिवसाबद्दल काही सांगत नाही. पाच कूपनं गेलेली आणि चार उरलेली पुस्तिका एका कुटुंबाची संपूर्ण संध्याकाळ सांगते. मोठ्यांच्या, किशोरांच्या आणि लहान मुलांच्या पुस्तिका वेगवेगळ्या असत. तीन उरलेल्या पुस्तिका एकाच घरातून मिळाल्या तर त्या कधीही वेगळ्या करू नका.

पत्रकांत दोन जाती आहेत. प्रवेशद्वारावर फुकट मिळणारं माहितीपत्रक आणि हॉटेलांच्या काउंटरवर ठेवलेलं जाहिरातपत्रक. पहिल्यात त्या दिवशी चालू असलेल्या राइडची यादी असते, त्यामुळे अभ्यासाला ते सोन्यासारखं. दुसऱ्यावर दर, वेळा आणि पत्ता असतो.

स्मरणिका आणि मासिकांचं जग वेगळंच. १९५५ साली डिस्नेलँडची पहिली सचित्र स्मरणिका २५ सेंटांना विकली गेली. ‘व्हेकेशनलँड’ हे मासिक मोटेलांमधून फुकट वाटलं जायचं, त्यामुळे त्याचे अंक खूप छापले गेले आणि तितकेच फेकले गेले. ‘डिस्ने न्यूज’ १९६५च्या हिवाळ्यात सुरू झालं, ते मॅजिक किंगडम क्लबच्या सभासदांसाठी. मासिकं घेताना मधली पानं मोजून घ्या. मुलांनी कापून घेतलेलं एखादं चित्र किंवा भरून पाठवलेलं कूपन हमखास गेलेलं असतं.

आणि नकाशे. सॅम मॅकिम यांनी रेखाटलेला डिस्नेलँडचा मोठा भिंतीवरचा नकाशा १९५८पासून विकला गेला आणि बागेत बदल होतील तसतसा सुधारून पुन्हा छापला गेला. दोन वर्षांचे नकाशे शेजारी ठेवून काय गेलं, काय आलं हे शोधत बसण्यात माझे कितीतरी रविवार गेले आहेत. जमत असेल तर एक तरी घ्याच. मूळ चित्रं मात्र आपल्या आवाक्याबाहेरची असतात. १९५३मध्ये गुंतवणूकदारांना दाखवण्यासाठी हर्ब रायमन यांनी काढलेलं डिस्नेलँडचं पहिलं मोठं चित्र २०१७च्या लिलावात ७ लाख ८ हजार डॉलरना गेलं.

शोधायचं कुठे

आधी घरात. मावशी, मामा, आत्या, शेजारचे काका, कुणीतरी परदेशी गेलेलं असतं, कुणीतरी मुलांना घेऊन गोराईच्या एस्सेल वर्ल्डला गेलेलं असतं. “जुनी तिकिटं आहेत का?” असं विचारलं तर उत्तर “नाही” असंच येतं, कारण तिकीट ठेवलंय हे त्यांना आठवतच नाही. “सहलीचा अल्बम आहे का?” असं विचारा. तिकीट अल्बमच्या शेवटच्या पानामागे, फोटो धुवून आलेल्या पाकिटात किंवा बँकेच्या जुन्या पासबुकात निघतं.

नंतर बाजार. मुंबईत चोर बाजारातली मटण स्ट्रीट, पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, आणि कुठल्याही गावातला ओळखीचा रद्दीवाला. रद्दीवाल्याशी नातं जोडावं लागतं. त्याला सांगून ठेवा की शाळेच्या सहलीचे, बागांचे, प्रदर्शनांचे कागद आले तर बाजूला ठेव, आणि पहिल्यांदा त्याने ठेवलेलं काहीही असो, थोडे पैसे देऊन घ्या. त्याशिवाय तो दुसऱ्यांदा ठेवत नाही. नाणी-पोस्टाच्या तिकिटांच्या प्रदर्शनातही टेबलाखालच्या खोक्यात असे कागद असतात. ते टेबलावर नसतात, मागावे लागतात.

अमेरिकन कागद मुख्यतः ईबेवर आणि तिथल्या घर रिकामं करण्याच्या विक्रीत मिळतात. ईबेवर नुसतं ‘डिस्नेलँड तिकीट’ शोधू नका, तिथे सगळेच शोधतात. ‘स्क्रॅपबुक’, ‘व्हेकेशन’, ‘लॉट’, ‘ड्रॉवर’ असे शब्द घालून पाहा. एखाद्या आजीच्या सहलीच्या वहीत चिकटवलेली कूपनं वहीसकट स्वस्त जातात. भाव ठरवताना विक्रेता काय मागतो ते पाहू नका, आधी खरंच किती रुपयांना विकलं गेलं ते पाहा. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तू वेगळ्या छाननीत दिसतात. त्यातले पाच-सहा व्यवहार वहीत लिहून मधला आकडा धरा.

पाठवण्याचा खर्च आणि कस्टम्स मिळून स्वस्त कागद महाग होतो. मी वस्तू कॅलिफोर्नियातल्या चुलतभावाच्या पत्त्यावर मागवतो आणि तो दिवाळीत येताना हातातल्या बॅगेत आणतो. विक्रेत्याला दोन गोष्टी लिहून कळवा: कागद दोन जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवा, आणि चिकटपट्टी कागदाला लावू नका. एकदा एका विक्रेत्याने पुस्तिका सरकू नये म्हणून तिच्या आवरणावरच टेप मारून पाठवली होती. टेप काढताना आवरणावरची गुलाबी छपाई तिच्याबरोबर आली.

कागदाचं वय काढायचं कसं

हा माझा सगळ्यात आवडता भाग, म्हणून जरा लांबवतो.

नियम सोपा आहे. कागदावर नाव असलेली सर्वात नवी राइड कधी सुरू झाली ते पाहा; त्याआधीचा हा कागद असू शकत नाही. मग नाव असलेली पण पुढे बंद झालेली राइड कधी बंद झाली ते पाहा. त्यानंतर बराच काळ हा कागद छापला गेलेला नसणार. दोन भिंती मिळाल्या की वय मधे सापडतं.

यासाठी थोड्या तारखा पाठ असल्या की पुरतं. स्कायवे पाळणा १९५६. व्ह्यूलायनर गाडी १९५७-५८, फक्त सव्वा वर्षाच्या आसपास चालली. फ्लाइंग सॉसर्स १९६१ ते १९६६. ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ १९६६. पायरेट्स ऑफ द कॅरिबियन मार्च १९६७, आणि त्याच वर्षीच्या जुलैत टुमॉरोलँड हा बागेतला विभाग नव्या रूपात. हाँटेड मॅन्शन ऑगस्ट १९६९. कंट्री बेअर १९७२. अमेरिका सिंग्ज १९७४. जानेवारी १९७७ला जुनी माइन ट्रेन थांबली, मे १९७७ला स्पेस माउंटन सुरू झालं. बिग थंडर १९७९.

आत्याच्या पाकिटातल्या पत्रकावर हे करून पाहिलं. अमेरिका सिंग्ज होतं, म्हणजे १९७४ किंवा नंतरचं. माइन ट्रेन चालू दाखवली होती आणि स्पेस माउंटन राइडच्या यादीत नव्हतं, म्हणजे १९७७च्या आधीचं. आत्या ठामपणे म्हणत होती की ते १९७८ला गेले होते. मी तिच्याशी वाद घातला नाही, तिचा जुना पासपोर्ट मागितला. पहिल्या अमेरिका प्रवासाचा शिक्का १९७६च्या मे महिन्याचा निघाला. १९७८ला ते दुसऱ्यांदा गेले होते, पाहुण्यांना घेऊन, आणि त्या दिवसाचं काहीच उरलेलं नाही. तिच्या मनात दोन्ही सहली एक झाल्या होत्या.

राइडची नावं नसतील तर कागदाच्या कडा वाचा. तळाशी ‘वॉल्ट डिस्ने प्रॉडक्शन्स’ असेल तर मजकूर १९८६च्या आधीचा. त्या वर्षी कंपनीचं नाव ‘द वॉल्ट डिस्ने कंपनी’ झालं. अमेरिकन पत्त्यात पाच आकडी झिप कोड असेल तर १ जुलै १९६३नंतरचा. मात्र नवी पद्धत आली तरी जुना छापलेला साठा संपेपर्यंत वापरला जातो. म्हणून अशा खुणा ‘याआधीचा नाही’ हे पक्कं सांगतात, ‘यानंतरचा नाही’ हे सांगताना जरा मोकळीक ठेवा.

आपल्या बागांच्या कागदांनाही हीच युक्ती लागते, फक्त खुणा वेगळ्या. पत्त्यात पिन कोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२नंतरचा. ‘बॉम्बे’ छापलेलं असेल तर बहुधा १९९५च्या आधीचा किंवा त्याच्या जवळपासचा. मुंबईचा फोन नंबर सात आकडी असेल तर २००२च्या सुमाराच्या आधीचा, कारण तेव्हा पुढे २ लागून नंबर आठ आकडी झाले. तिकिटावर करमणूक कर दाखवला असेल तर १ जुलै २०१७च्या आधीचा. त्यानंतर जीएसटी आला.

गोराईचं एस्सेल वर्ल्ड १९८९ला सुरू झालं आणि शेजारचं वॉटर किंगडम १९९८ला. एस्सेल वर्ल्डच्या पत्रकावर वॉटर किंगडमचं नाव नसेल तर ते पहिल्या नऊ वर्षांतलं असण्याची शक्यता जास्त. खोपोलीजवळची बाग २०१३ला उघडली, आणि तिच्या सुरुवातीच्या कागदांवर ‘अ‍ॅडलॅब्ज इमॅजिका’ असं पूर्ण नाव आहे. दिल्लीच्या प्रगती मैदानातलं अप्पू घर १९८४ ते २००८ एवढंच होतं, त्यामुळे त्याच्या कागदाच्या दोन्ही भिंती आयत्या मिळतात. पुण्याच्या पेशवे पार्कातली फुलराणी ही छोटी आगगाडी १९५६पासूनची. तिच्या तिकिटावर तारीख नसली तरी दर असतो. जुने दर माहीत असलेला एखादा पुणेकर गाठा.

एस्सेल वर्ल्डचं तिकीट मिळालं तर त्याबरोबर लाँचचं तिकीटही शोधा. मार्वेहून किंवा गोराईच्या खाडीतून लाँचने जाणं हा त्या सहलीचा भागच होता. खाडीचा तो खारा वास ज्यांच्या लक्षात आहे त्यांना हे सांगायला नको. त्या बागेतली चक्रं आता थांबली आहेत. वॉटर पार्कांचे मनगटी पट्टेही ठेवा. ते कागदाचे नसतात, पण पुढच्या पिढीला तेच तिकीट वाटणार आहे.

खरं की नक्कल

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, घड्याळजींकडे असतं तसलं. जुन्या ऑफसेट छपाईतले रंगीत भाग भिंगाखाली सुबक ठिपक्यांच्या फुलासारखे दिसतात आणि अक्षरं सलग, धारदार कडांची. घरगुती इंकजेटची अक्षरं धाग्यांमध्ये पसरलेली दिसतात. लेझर प्रिंटरची शाई कागदावर बसल्यासारखी चमकते आणि अक्षराभोवती बारीक भुकटी उडालेली असते. कूपनाची छिद्रांची कडा बोटाने चाचपा. खऱ्या कूपनाची कडा पुस्तिकेतून फाडलेली, थोडी केसाळ असते. कात्रीने कापलेली सरळ कडा दिसली की थांबा.

पुस्तिका पूर्ण म्हणून विकली जात असेल तर पिनेची भोकं पाहा. भोकं जास्त असतील, किंवा कूपनांच्या कागदाची छटा एकमेकांशी जुळत नसेल, तर दोन-तीन पुस्तिकांचे तुकडे एकत्र पिनले असण्याची शंका घ्या. कूपनांवरचे क्रमांकही शेजारी ठेवून वाचा.

जांभळ्या अतिनील टॉर्चवर लोक फार भरवसा ठेवतात. १९५०च्या आसपासपासून कागदात उजळवणारी रसायनं वापरात आली आणि ती त्या प्रकाशात निळसर चमकतात. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरच्या बागांच्या १९०५च्या तिकिटाचा कागद चमकला तर काळजी करा. १९६८च्या डिस्नेलँड पत्रकाचा चमकला तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

उद्घाटनाच्या दिवसाचे, म्हणजे १७ जुलै १९५५चे पास फार सावधपणे घ्या. त्या दिवशी बनावट पासवर हजारो लोक आत शिरले होते, आणि त्यानंतर सत्तर वर्षं लोक त्या पासच्या प्रतिकृती बनवत आले आहेत. वर्धापनदिनांच्या निमित्ताने जुन्या तिकिटांच्या धर्तीवर निघालेल्या स्मरणवस्तूही बाजारात फिरतात. त्या जमवायला हरकत नाही, फक्त त्यांची वही वेगळी ठेवा.

आपल्या हवेत कागद टिकवायचा तर

अमेरिकन छंदिष्टांचे सल्ले इथे अर्धेच लागू पडतात. त्यांच्याकडे कोरडी हवा आणि तळघरं. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतींना घाम येतो.

सर्वात घातक वस्तू म्हणजे स्वस्त प्लॅस्टिकचा अल्बम. नव्या अंघोळीच्या पडद्यासारखा वास येणारं मऊ प्लॅस्टिक पीव्हीसी असतं. ते कालांतराने चिकट होतं आणि छपाई उचलतं. माझी चौदा-पंधरा एस्सेल वर्ल्डची अर्धुकं एका पावसाळ्यात अशीच गेली. तिकिटाच्या शाईची उलटी प्रतिमा प्लॅस्टिकवर आणि तिकीट कोरं. पॉलिस्टरची, म्हणजे मायलरची पारदर्शक पाकिटं घ्या. तीच सर्वात चांगली. ती परवडत नसतील तर पॉलिप्रॉपिलीनची. आत आधाराला आम्लरहित पुठ्ठा घाला.

लॅमिनेशन कधीही करू नका. लॅमिनेट केलेला कागद पुन्हा मोकळा करता येत नाही. चिकटपट्टी, रबरबँड, चालू गोंद हेही नको. पुस्तिकेची मूळ पीन गंजली असली तरी काढण्याची घाई करू नका, ती पुस्तिका मूळ आहे याचा पुरावा आहे. पिनेच्या खाली पॉलिस्टरची बारीक पट्टी सरकवून गंज कागदापासून वेगळा करा.

पाकिटं घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि त्यात सिलिका जेलच्या पिशव्या. रंग बदलणाऱ्या दाण्यांची पिशवी घेतली तर दाण्यांनी ओल पकडली हे कळतं. मग दाणे कढईत मंद आचेवर गरम करून परत वापरता येतात. स्वयंपाकाची कढई मात्र त्यासाठी वापरू नका. डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवा आणि काटा पन्नासच्या आसपास राखायचा प्रयत्न करा. डबा माळ्यावर ठेवू नका, तिथे उन्हाळ्यात भट्टी होते. बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या लोखंडी कपाटातही नको. आतल्या खोलीतलं, जमिनीपासून वर असलेलं कपाट उत्तम.

डांबराच्या गोळ्या कागदाच्या डब्यात घालू नयेत. त्यांची वाफ प्लॅस्टिकला मऊ करते आणि वास जन्मभर जात नाही. वेखंडाची पुरचुंडी कपाटाच्या कोपऱ्यात ठेवायला हरकत नाही, डब्याच्या बाहेर. ओला कडुनिंब मात्र नको, त्याचा डाग पडतो आणि ओलही येते. कसर लागली आहे का हे दर दोन महिन्यांनी पाहा. कडा कुरतडल्यासारख्या आणि पृष्ठभाग खरवडल्यासारखा दिसला की डबा रिकामा करून पुसा, आणि जुना पुठ्ठा फेकून द्या. कसरीला खरी आवड त्यातल्या खळीची असते.

पाणी शिरलंच तर चकचकीत कागदाची मासिकं आधी वाचवा. ती ओली असताना पानं वेगळी केली नाहीत तर वाळताना वीट होते आणि मग काहीच करता येत नाही. पानांमध्ये कोरा, न छापलेला कागद घालत पंख्याखाली आडवी वाळवा. एकदम सगळं हाताळायला वेळ नसेल तर ओला कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवा. बुरशी तिथे थांबते आणि तुम्हाला एकेक नग काढून वाळवायला सवड मिळते. २००५च्या २६ जुलैनंतर हे माहीत असतं तर ठाण्यातल्या आमच्या चाळीतले किती अल्बम वाचले असते.

आणि आजकालची तिकिटं. पावतीसारख्या गुळगुळीत थर्मल कागदावरची छपाई दोन-तीन वर्षांत उडून जाते. ते तिकीट ज्या दिवशी मिळेल त्याच रात्री स्कॅन करा. त्यावर दुसरा उपाय नाही.

नोंद ठेवा, आणि विचारून ठेवा

स्कॅन ६०० डीपीआयला, दोन्ही बाजू. पातळ कागद असेल तर मागे काळा कागद ठेवा, म्हणजे पलीकडची छपाई आरपार दिसत नाही. फाइलच्या नावात बाग, अंदाजे वर्ष, प्रकार आणि तुमचा नोंद क्रमांक. क्रमांक पाकिटावर लिहा, वस्तूवर पेन्सिलनेही नको.

एक साधी वही किंवा एक्सेल पुरते. कुठून मिळालं, कधी, किती रुपयांना, अवस्था कशी, वय कसं ठरवलं. शेवटचा रकाना मी मोठा ठेवतो: हा कागद ज्याचा होता त्याने काय सांगितलं. तो रकाना बाजारातून आलेल्या वस्तूंसाठी बहुतेक रिकामाच राहतो. म्हणून घरच्या कागदांसाठी तो भरायला उशीर करू नका. सांगणारी माणसं आज आहेत.

प्रश्न विचारताना कागद त्यांच्या हातात द्या. नुसतं “आठवतं का?” विचारलं तर “छान होतं” एवढंच मिळतं. आत्याच्या हातात ती चार कूपनं दिली आणि विचारलं, ही का उरली? तिने चष्मा लावला, ‘ए’ कूपनावरची बारीक यादी वाचली आणि मेन स्ट्रीटवरच्या घोड्यांच्या ट्रामपाशी बोट थांबवलं. “ह्याला मी बसूया म्हणत होते,” ती म्हणाली. “तुझे आतोबा म्हणाले, घोड्याच्या गाडीत बसायला इतक्या लांब कशाला यायचं, कल्याणला स्टेशनाबाहेर टांगा उभा असतो की.” मी ते वाक्य नोंद क्रमांक एकपुढे तसंच्या तसं लिहिलं, आणि त्याखाली मे १९७६.